वजनाचं इंजेक्शन मागवताय? आधी घरचा फ्रीज बघा

गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले की त्यातलं कोणीतरी एकदम बारीक होऊन येतं, आणि मग आरती राहते बाजूला, सगळ्यांना एकच विचारायचं असतं, ते इंजेक्शन कितीला पडतं नि ऑनलाइन मिळतं का. मी सात महिने घेतेय, शुगर पण आहे, म्हणून सांगते.

पहिलं डॉक्टर, मग ॲप. चिठ्ठीशिवाय हे विकायला परवानगीच नाही, आणि लग्नाआधी चार किलो उतरवायचेत यासाठी ते नाहीये. साधारण बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) 30 च्या वर, किंवा 27 च्या वर आणि सोबत शुगर-बीपी काहीतरी. गुहागर, देवगडकडे जवळ एमडी डॉक्टर नसेल तर व्हिडिओवर दाखवता येतं, 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांत बसतं, फक्त चिठ्ठीवर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर हवा. पाच प्रश्नांचा फॉर्म भरला की चिठ्ठी देणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. घरात कोणाला मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर झालाय, तुम्हाला स्वादुपिंडाला सूज येऊन गेलीय, किंवा मूल हवंय, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, आधीच सांगा.

आता पैसे. या इंजेक्शनांतलं मौंजारो मार्च 2025 ला आलं तेव्हा 2.5 मिलीग्रॅमची एक व्हायल (औषधाची छोटी बाटली) 3,500 आणि 5 ची 4,375, आणि व्हायल आठवड्याला एक, म्हणजे महिन्याचे चारपट धरा. दुसरा ब्रँड वेगोवी, तो जूनमध्ये आला, सुरुवातीचे डोस महिन्याला 17,345, सगळ्यात वरचा 26,015, मग नोव्हेंबरात पहिला डोस 10,850 वर आणला. मार्च 2026 ला सेमाग्लुटाइडचं (वेगोवीतलं औषध) पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांना रान मोकळं झालं, तर डॉक्टरांना सरळ विचारा, यात स्वस्तातलं कुठलं चालेल. पण पहिल्या महिन्याच्या भावावर भुलू नका! डोस दर चार आठवड्यांनी चढत जातो, बहुतेक ब्रँडमध्ये भावही चढतो, आणि बंद केलं की वजन बऱ्यापैकी परत येतं. वर्षाचा हिशोब मांडा, सुया बॉक्समध्ये येतात की वेगळ्या घ्यायच्या तेही विचारा.

खरी गोची डिलिव्हरीची. हे 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं. मी एकदा ऑनलाइन मागवलं, जुलै महिना, घाटात दरड, बॉक्स तिसऱ्या दिवशी आला आणि आतला जेलपॅक कोमट पाणी झालेला. फोटो पाठवले, भांडले, पैसे मिळाले पण महिनाभराने. तेव्हापासून गावातल्या मेडिकलवाल्याला चिठ्ठी देते, तो त्याच्या नेहमीच्या स्टॉकिस्टकडून मागवतो, बिलावर बॅच नंबर असतो, आणि मी त्याच्या फ्रीजमधून थेट माझ्या फ्रीजमध्ये आणते. ऑनलाइनच घ्यायचं तर लायसन्सवालं दुकान बघा, सोमवारी ऑर्डर करा, आणि बॉक्स कुरियरवाल्यासमोर उघडा. व्हॉट्सॲपवर अर्ध्या किमतीत पेन (भरलेलं तयार इंजेक्शन) विकणाऱ्याला ब्लॉक करा.

लाईट गेली तर फ्रीज उघडू नका. लांबली तर मासळीचा थर्मोकोलचा डबा चालतो (धुऊन घ्या गं!), पण पेन बर्फाला टेकवू नका, मध्ये टॉवेल. एकदा गोठलं की फेकायचं, परत वितळलं तरी वापरायचं नाही. फ्रीजरच्या कप्प्याखाली पण नको, मी मधल्या फळीवर सोलाच्या आगळाच्या बाटलीशेजारी ठेवते.

सुरुवातीला मळमळ होते, ताटात भात निम्मा घ्या, तळलेली सुरमय काही दिवस राहू दे. पोटात जोरात दुखून पाठीत कळ गेली तर मात्र पुढचं इंजेक्शन घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.