वळवाच्या पावसात धरणाकाठी दोघांनी तंबू टाकायचा तर

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. सकाळी घामाच्या धारा आणि तीन-चारच्या पुढं आभाळ भरून येणार. कोल्हापुरात ह्या दिवसात कुणाला सांगितलं की आम्ही दोघं राधानगरी-काळम्मावाडी बाजूला पाण्याकाठी तंबू टाकून राहणार, तर पहिला प्रश्न येतो, "पाऊस आला तर?" तर-बिर काय नाही, पाऊस येणारच असं धरून जायचं. ७ जूनच्या आसपास मिरग लागला की तिकडं दिवसरात्र झोडपतंय आणि जळवा पायाला लागतात, मग तंबूचा विषयच संपला. वळीव कसा, येतो धिंगाणा घालतो आणि बहुतेक वेळा तासाभरात जातो. तो एक तास नीट काढता आला की पुढची रात्र आपली.

आधी जागा. राधानगरीचं जंगल १९५८ पासून अभयारण्य आहे, १९८५ ला हद्द वाढवून ते साधारण ३५१ चौरस किलोमीटर केलं, त्यामुळं मनाला येईल तिथं गाडी लावून तंबू ठोकायचा प्रकार तिथं चालत नाही. हद्दीच्या बाहेर कुणाचं तरी रान, नाहीतर तंबूला जागा देणारं एखादं घर बघा, मालकाला आधी फोन करा आणि गेल्यावर परत एकदा विचारा, "मामा, इथं टाकला तर चालतंय न्हवं?" पाणी कुठनं वाहतंय, गवे कुठल्या वाटेनं पाण्यावर उतरतात, हे त्यांनाच माहीत असतं. गव्याच्या वाटेवर तंबू नको, एवढं एक ऐका.

मे मध्ये धरण खाली गेलेलं असतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर सपाट, भेगाळलेली, अगदी मैदानासारखी जागा दिसते, पाणी चार पावलांवर, फोटो पण मस्त येतील असं वाटतं. तिथंच लोक फसतात. तो गाळ दहा मिनिटं पाऊस लागला की लोण्यासारखा होतो, खिळे आपोआप वर येतात आणि चप्पल आत राहून पाय बाहेर येतो. वर जिथं गवत सुरू होतं तिथं, थोडा उतार असलेल्या मुरमाड जागेवर टाका. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तर अजिबात नको, वर डोंगरात पडलेला पाऊस तुम्हाला न विचारता खाली येतो. एकटं मोठं झाड असेल तर त्याच्याखाली पण नको, ते विजेचं पुढं येतंच.

तंबू दोघांसाठी असला तरी चार माणसांचा घ्या, कारण पावसात बॅगा, बूट, सगळं आत येतं. वरचं पावसाचं कापड जमिनीपर्यंत उतरणारं पाहिजे, नुसती टोपी घातल्यासारखं असेल तर दुकानातच ठेवा. कापडावर पाण्याचा दाब मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो, ३००० असेल तर वळवाला पुरतो. खाली ताडपत्री टाकायची, पण ती तंबूच्या कडेपासून चार बोटं आत दुमडलेली पाहिजे. आमच्या पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून चांगली ऐसपैस ताडपत्री अंथरली, चारी बाजूनं हातभर बाहेर, म्हटलं चिखल नको. वरून पडलेलं सगळं पाणी त्या ताडपत्रीवर साचून आमच्याच बुडाखाली आलं. बायको गादीवर उकिडवी बसून म्हणाली, "अहो, ह्यो तंबू हाय का बादली?" उत्तर नव्हतं.

जांभ्याच्या जमिनीत तंबूसोबत येणारे बारके खिळे वाकतात, म्हणून जाड लोखंडी खिळे आणि छोटा हातोडा न्या, न गेला खिळा तर दोरी मोठ्या दगडाला बांधा. दगड उचलताना आधी पायानं हलवा, खाली विंचू असतो. दोऱ्या सगळ्या ताणायच्या, कारण वळवात पाण्याच्या आधी वारा येतो आणि तंबू मोडतो तो वाऱ्यानं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कामाची वाटणी. ही घरी करायची. गच्चीवर दोनदा तंबू उभा करून बघा आणि कोण काय धरणार ते पक्कं करा, कारण वारा सुटल्यावर "तू धर", "मी कशाला, तुम्हीच धरा" हे सुरू झालं की भांडणही भिजतं आणि अंथरूणही. आमच्याकडं काठ्या आणि खिळे तिच्याकडं, तिचा हात माझ्यापेक्षा चलाख आहे हे मी मान्य केलंय, माझ्याकडं दोऱ्या, चूल आणि गाडी. दुपारी तीनच्या आत तंबू उभा पाहिजे, त्यानंतर पोहायला जावा नाहीतर झोपा.

विजेबद्दल मात्र चेष्टा नको. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये घालून ठेवा, जवळपास वीज पडत असेल तर ते सांगतं, पण तिकडं रेंजचा भरवसा नाही म्हणून मोजायला शिका. वीज चमकली की गडगडाटापर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की पाण्यातनं बाहेर, तंबूतनं पण बाहेर, आणि दोघांनी गाडीत काचा वर करून बसायचं. तंबू विजेपासून वाचवत नाही, पत्र्याची गाडी वाचवते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच. त्या अर्ध्या तासासाठी भडंगाचा डबा डिकीत नाही, पुढच्या सीटवर ठेवा. गाडी आधीच रस्त्याकडं तोंड करून, कडक मुरमावर लावा आणि दोन रिकामी पोती बरोबर असू देत, चाक फिरायला लागलं की खाली घालायला.

जेवणाचं सोपं ठेवा. धरणाकाठी तांबडा-पांढरा करायची हौस मी एकदा करून बसलोय, भांडी घासायलाच रात्र गेली. घरनं भाकरी, खर्डा, दही, सुकं मटण न्यावं आणि तिथं फक्त चहा आणि गरम करणं. ओलं जळण पेटत नाही, तेव्हा चार शेणी, नारळाच्या शेंड्या आणि कापूर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या, कापराच्या दोन वड्यांवर शेंडी धरते आणि शेंडीवर शेणी. चूल मालकाला विचारूनच, तंबूपासून लांब, आणि झोपायच्या आधी पाणी ओतून विझवायची. तंबूच्या आत गॅस किंवा शेगडी कधीच नको, धूर दिसला नाही तरी विषारी वायू कोंडतो. उरलेलं खाणं गाडीत.

प्यायचं पाणी घरनं, दोघांना दोन दिवसाला दहा-बारा लिटर. आणि धरणात साबण लावून अंघोळ करू नका राव, काळम्मावाडीचं पाणी २०२३ पासून थेट पाइपलाइननं आपल्याच नळाला येतंय. मागच्या विधीला पाण्यापासून शंभर पावलं तरी लांब, वीतभर खड्डा काढून, नंतर माती लोटायची.

अंथरुणात एक घोंगडं पाहिजेच, ओलं झालं तरी ऊब देतं. रात्रीचे कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी पाऊस थांबेपर्यंत उघडायची नाही. गरम वाटो न वाटो, तंबूची जाळी थोडी उघडी ठेवा, नाहीतर दोघांच्या श्वासाचं पाणी पहाटे कापडावरनं ठिबकतंय आणि तुम्ही म्हणणार तंबू गळका निघाला.

पाऊस ओसरला, वारा पडला की बॅटऱ्या बंद करा. ह्या दिवसात त्या भागात काजवे असतात, एखादं झाड अख्खं लुकलुकत असतं, आणि मोबाईलचा उजेड मारला की ते बावरतात. फोटो नीट येत नाही, सोडून द्या. उजेड लागलाच तर बॅटरीला लाल जिलेटीन लावा आणि खाली पायाशी धरा, साप असतात.

सकाळी बूट झटकूनच घाला. खिळे मोजून घ्या, एक तरी मातीत राहतोच. ओला तंबू गुंडाळून माळ्यावर टाकला तर आठवड्यात बुरशी येते, घरी आल्या आल्या गच्चीवर पसरायचा. आमचा दोन दिवस वाळत होता, शेजारच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, कुणाचं लगीन निघालंय काय म्हणून.