स्पिटफायरचं मॉडेल बांधताय? या चुका टाळा

डिकलच्या, म्हणजे मॉडेलवर पाण्याने चिकटवायच्या छापील खुणांच्या, पारदर्शक भागाखाली चंदेरी, पांढरट झाक दिसली की आपण डिकलला शिव्या घालतो. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. खालचा रंग मॅट, म्हणजे खरखरीत होता आणि त्या खरखरीत हवा अडकली. डिकल लावण्याआधी ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक रंगाचा, एक हात मारला असता तर हवेला जागाच उरली नसती. झाक दिसलीच, तर तिथे सुईने बारीक टोचे मारून डिकल सॉफ्टनर (डिकल मऊ करणारा द्रव) सोडा, बऱ्यापैकी बसते. मॉडेलिंगमध्ये बहुतेक वेळा असंच होतं: दोष आज दिसतो, चूक परवा झालेली असते.

पंखांचंच घ्या. स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, म्हणजे १:७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या) मॉडेलमध्ये साडेपंधरा सेंटीमीटरच्या आसपास. पंख धडाला जोडले की वरच्या सांध्यात फट राहते आणि नवखा माणूस लगेच पुट्टी घेऊन बसतो. मग घासताना शेजारच्या पॅनेलच्या रेषा बुजतात. वास्तविक मॉडेलचे पंख थोडे खाली झुकलेले असतात म्हणून ती फट असते. खऱ्या विमानाचे पंख टोकांकडे सुमारे सहा अंश वर उचललेले आहेत. एका पंखाच्या टोकापासून कॉकपिटवरून दुसऱ्या टोकापर्यंत मास्किंग टेप ताणून लावा, फट मिटली की पातळ सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा पाण्यासारखा गोंद) सोडा आणि रात्रभर हात लावू नका. फटही जाते, कोनही मिळतो.

पातळ सिमेंटची एक खोड आहे: ते सांध्यातून धावत थेट तुमच्या बोटाखाली येतं. माझ्या पहिल्या स्पिटफायरच्या डाव्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे, आधार केंद्रात चालेल इतका स्पष्ट. मी तो घाईघाईने कापडाने पुसायला गेलो आणि मऊ झालेलं प्लास्टिक फरफटलं. असं झालं तर पुसू नका. एक दिवस वाळू द्या, मग ६०० आणि पुढे १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलकेच फिरवा.

कॉकपिटची काच सुपरग्लूने चिकटवू नका, वाफेने धुकं धरतं. साधा फेविकॉल पुरतो.

रंगाबाबत आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे पावसाळा. जुलैत मुंबईत किंवा कोकणात लॅकर फवारला तर तो दुधाळ होतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा त्यावर धरतो. कोरड्या दिवशी रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणाऱ्या, थिनरचा अगदी हलका फवारा मारला तर बहुधा निवळतं. आणि हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर उघड्या प्लास्टिकवर कधीच नको, ते विरघळतं.

काही चुका हाताच्या नसतात, अभ्यासाच्या असतात. मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती. १९४० च्या मार्क १ ला तीन पात्यांचा पंखा. पंखांखाली एका बाजूला मोठा रेडिएटर, दुसऱ्या बाजूला लहानसा ऑइल कूलर. मार्क ९ ला चार पाती आणि दोन्हीकडे सारखे रेडिएटर. दोघांचे सुटे भाग एकमेकांत मिसळलेली विमानं मी प्रदर्शनांत पाहिली आहेत, शेजारी १९४० ची पाटी लावलेली.

बर्माच्या आघाडीवरचं मार्क ८ करणार असाल, तर जास्त जपा. आपल्या हवाई दलाच्या ८ नंबरच्या स्क्वाड्रनने तिथे ही विमानं उडवली. त्यांच्या गोल खुणेत मधला लाल ठिपका नसतो. जपानी विमानांवरच्या लाल सूर्याशी गफलत होऊ नये म्हणून तो काढून टाकला होता. डब्यात उरलेली युरोपातली डिकल इथे चिकटवली की सगळी मेहनत पाण्यात.

शेवटी धुराचे डाग. मार्क १ च्या पंखांत आठ ब्राउनिंग मशीनगन. उड्डाणाआधी त्यांच्या तोंडांवर कापडी ठिगळं चिकटवत. ती बहुतेकदा लाल दिसत आणि पहिल्याच गोळीबारात फाटत. लाल ठिगळं शाबूत आणि त्यांच्या मागे काळे ओघळ, असं मॉडेल दर प्रदर्शनात एखादं तरी असतंच. गोळी न झाडताच काजळलेलं विमान.