सगळ्या मुलांना जमेल असा तास कसा आखायचा

आपल्या नागपुरात एकाच वर्गात कोणी घरी हिंदी बोलतं, कोणी वऱ्हाडी, कोणी गोंडी, त्यात एखाद्याला फळ्यावरचं नीट दिसत नाही आणि एखाद्याला वाचताना अक्षरं उलटसुलट होतात, मग एकच धडा एकाच पद्धतीने शिकवून कसं चालेल? अडचण पोरात नाही, आपल्या प्लॅनिंगमधे शोधायची.

समजा चौथीला अपूर्णांक घ्यायचेत. आधी ठरवा की नेमकं काय यायला हवं: पावभाग ओळखणं की सुंदर अक्षरात लिहिणं? पावभाग असेल तर लिहायची सक्ती सोडा. कागदाची घडी घालू द्या, हाताने चाचपू द्या, फळ्यावर मोठं चित्र काढा आणि काढताना तोंडाने पण सांगत राहा, म्हणजे न दिसणाऱ्यालाही कळतं. बोलताना तोंड वर्गाकडे ठेवा, फळ्याकडे नाही, कमी ऐकू येणारं पोर ओठ बघत असतं. उत्तर कोणी बोलून देईल, कोणी घडी दाखवून, चालतं. आधी जोडीदाराशी घरच्या भाषेत बोलू द्या, मग मराठीत.

प्रश्न विचारला की लगेच वर आलेल्या पहिल्या हाताकडे जाऊ नका, थोडं थांबा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

एप्रिलच्या उन्हात अवघड भाग सकाळीच घ्या. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, पण त्याच्या सर्टिफिकेटची वाट बघत बसू नका, या सोयी सगळ्यांनाच द्या.