जुन्या दफ्तरांतून हरवलेला पूर्वज शोधताना

वंशावळ लिहायला बसले की पणजोबांपर्यंतची नावे पटापट आठवतात आणि खापरपणजोबांपाशी लेखणी थांबते. गाव ठाऊक असते, कुलदैवत ठाऊक असते, पण त्या माणसाचे नाव कुठल्याच कागदावर सापडत नाही. पुष्कळदा कागद असतो. आपण मात्र तो आडनावाने शोधत असतो आणि त्या काळच्या कारकुनाने आडनाव लिहिलेलेच नसते. 'कुशाबा बिन धोंडजी' एवढ्यावरच नोंद संपते. म्हणून शोधाचा आरंभ गाव, बापाचे नाव आणि जमीन या तिन्हींवरून करावा. आडनाव मागाहून जुळवावे.

सर्वांत भरवशाचा धागा जमिनीचा आहे. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात जे आकडे दिसतात, ते फेरफाराचे क्रमांक होत. त्यांतील जुन्यात जुना क्रमांक घेऊन फेरफार नोंदवहीचा, म्हणजे गाव नमुना 6 चा, उतारा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मागवावा. वारसाच्या फेरफारात खातेदार केव्हा मयत झाला, मागे कोण कोण राहिले आणि त्यांचे मयताशी नाते काय, हे लिहिलेले असते. मग तो मयत खातेदार स्वतः ज्या फेरफाराने खातेदार झाला तो काढावा, आणि असेच एकेक पिढी मागे जावे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली झाला, त्यामुळे ही साखळी साधारणपणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत पोचते. वाटेत हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे जमिनींचे एकत्रीकरण. 1947 च्या कायद्याखाली गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तेव्हा आपल्या गटाचा जुना सर्व्हे नंबर कोणता, हे भूमी अभिलेख कार्यालयातून आधी ठरवून घ्यावे, नाहीतर दुसऱ्याच घराण्याच्या मागे महिनोन्महिने जातात.

माझे खापरपणजोबा मला तीन वर्षे सापडले नाहीत, कारण मी त्यांना खातेदारांच्या रकान्यात शोधत होतो. अखेर एका जीर्ण उताऱ्यावर पणजोबांचे नाव दिसले आणि त्यापुढे बारीक अक्षरांत 'अ.पा.क. आई' असे लिहिलेले होते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. जमीन लहान मुलाच्या नावे चढली होती आणि आई त्याची पालक होती. त्या आईच्या नावापुढे 'भ्र.' हे एक अक्षर आणि त्यानंतर मी शोधत होतो ते नाव. भ्र. म्हणजे भ्रतार. तरुणपणीच वारलेल्या माणसाची एकमेव खूण त्याच्या विधवेच्या नावामागे राहिली होती. तेव्हापासून मी सर्वांना सांगतो, पूर्वज सापडत नसेल तर आधी बायकांची नावे वाचा. 'कोम' म्हणजे अमुकाची बायको, 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमुकाचा मुलगा, 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही संक्षेपाक्षरे पाठ असली की निम्मे काम सोपे होते. 'ए.कु.मॅ.' दिसले तर त्या एका नावाआड बाकीचे भाऊ दडलेले असतात, हेही ध्यानात ठेवावे.

जमीन नसेल तर जन्ममृत्यूची नोंदवही पाहावी. गाव नमुना 14, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात बापाचे नाव, जात आणि मृत्यूचे कारण मिळते. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव पुष्कळदा नसतेच, कारण बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली असते. तिथे बापाचेच नाव शोधावे लागते. गावातल्या जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टरही अवश्य पाहावे.

जुनी पाने बहुधा मोडीत असतात. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द सलग लिहिलेले असतात, म्हणून नाव एकदा वाचून निश्चित करू नये. त्याच वहीत, त्याच हाताने लिहिलेले ओळखीचे गावनाव शोधून त्यातील अक्षरांशी ताडून पाहावे. साल शकाचे असेल तर 78 मिळवावेत, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला बहुधा 79 लागतात. शके 1815 चा माघ म्हणजे इसवी सन 1894. फसली सनात, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाच्या वर्षात, 590 मिळवावेत, वर्षाच्या उत्तरार्धाला 591. मराठवाड्यात निजामाच्या काळचे कागद उर्दूत आहेत. तिथे 1954-55 चे खासरा पत्रक, म्हणजे शेतजमिनींच्या नोंदींचे पत्रक, हा चांगला टप्पा ठरतो.

सरकारी दफ्तर संपले की नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, म्हणजे यात्रेकरू घराण्यांच्या नावांच्या वह्या, पाहाव्यात. तिथे जाताना मूळ गाव सांगता आले पाहिजे, कारण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राहिलेल्यांचीही वही मूळ गावावरूनच निघते. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी नंदीबैल घेऊन येतात आणि घराण्याची पिढीजात वही वाचून दाखवतात. त्यांनी सांगितलेले प्रत्येक नाव लिहून घ्यावे, मात्र फेरफाराशी किंवा मृत्यूच्या नोंदीशी मेळ बसेपर्यंत वंशावळीत ते पेन्सिलीनेच ठेवावे.