मधयंत्र थरथरतंय? मशीनला दोष देण्याआधी हे बघा

मधपेटीतल्या पोळ्याच्या चौकटी, म्हणजे फ्रेम, ड्रममध्ये गरगर फिरवून मध बाहेर काढतं ते मधयंत्र मी पहिल्यांदा फिरवलं तेव्हा ड्रम खोलीभर चालायला लागला, मी त्याला मिठी मारून उभा आणि हँडल फिरवायला दुसरा माणूस. वाटलं मशीनच खराब आलंय. नंतर कळलं की मशीन ठणठणीत होतं, मला फ्रेम लावता येत नव्हत्या.

आदल्या दिवशी यंत्र धुवून पूर्ण कोरडं करा, पाणी राहिलं तर मध आंबू शकतो. गियर, बेअरिंगला फूड ग्रेडचंच ग्रीस, तेही थोडंसं.

मग जागा. जमीन सपाट हवी, ड्रमच्या काठावर लेव्हल दोन्ही दिशांनी धरून बघा आणि पाय जड फळीला बोल्टने पक्के करा. तोटीखाली गाळणी आणि बादली बसेल एवढी उंची ठेवा, हे मी एकदा विसरलो आणि सगळं परत उचलायला लागलं.

आता खरी गोष्ट, वजन. समोरासमोरच्या फ्रेम साधारण सारख्या वजनाच्या पाहिजेत, हातात घेऊन अंदाज येतो, नाहीतर सरळ वजनकाटा घ्या. एका फ्रेममधला मध दाणेदार झाला असेल तर तो बाहेर येत नाही, समोरची रिकामी होते, आणि मग सुरुवातीला गुमान चाललेलं यंत्र मधेच हलायला लागतं. अशी फ्रेम बाजूलाच ठेवा.

मध कोमट असावा, फ्रेम ३० ते ३५ अंशाच्या खोलीत काही तास ठेवल्या की पटकन सुटतो. पोळ्याच्या कप्प्यांवरची मेणाची टोपणं काढा, फ्रेम लावा आणि अगदी हळू सुरू करा, फ्रेम हलक्या होतील तसा वेग वाढवा. जाळीला फ्रेमची एक बाजू टेकते असं यंत्र असेल तर पहिली बाजू अर्धीच काढायची, पलटायचं, दुसरी पूर्ण, मग परत पहिली, कारण घाई केली की आतल्या बाजूच्या मधाचं वजन पोळ्यावर येतं आणि पोळं फुटतं, नवं पांढरं पोळं तर लगेच. चाकाच्या आऱ्यांसारख्या फ्रेम बसणारं यंत्र असेल तर पलटायची भानगड नाही, फक्त वरची पट्टी बाहेरच्या बाजूला ठेवा, कप्पे त्याच दिशेला थोडे कललेले असतात.

तरी थरथरलं तर ड्रम दाबून धरत बसू नका, थांबवा आणि दोन फ्रेमची अदलाबदल करून बघा. फ्रेम बसतात तो आतला पिंजरा फिरत असताना आत हात घालायचा नाही.

आणि हँडल अचानक जड लागलं तर बहुतेक खाली साचलेला मध पिंजऱ्याला लागलाय, तोटी उघडा. काम झाल्यावर आधी गार पाण्याने धुवा, थेट गरम ओतलं तर मेण वितळून सगळीकडे चिकटतं आणि ते खरवडायला मध काढण्यापेक्षा जास्त वेळ जातो.