एमपीआय आणि ओपनएमपी एकत्र चालवताना या चुका टाळा

एमपीआय म्हणजे अनेक प्रोसेसना एकमेकींना संदेश पाठवू देणारी लायब्ररी, ओपनएमपी म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड समांतर चालवण्याची सोय. एमपीआयमध्ये प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक मिळतो, त्याला रँक म्हणतात. चार प्रोसेस सुरू केल्या आणि चारही ‘रँक ०, एकूण १’ असंच छापत असतील, तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका. प्रोग्रॅम एका एमपीआयवर कंपाइल झालाय आणि प्रोसेस सुरू करणारा एमपीआयरन दुसऱ्या एमपीआयचा आहे. बऱ्याचदा एररसुद्धा येत नाही. तेच काम चारदा होतं आणि एकाच आउटपुट फाइलवर चौघी लिहीत सुटतात.

एमपीआय हे स्टँडर्ड १९९४ पासून आहे, पण त्यात ठरलं होतं ते सोर्स कोडपुरतं. एमपिच आणि ओपन एमपीआय ही या स्टँडर्डची दोन वेगळी इम्प्लिमेंटेशन; एमपिचमध्ये कम्युनिकेटर (प्रोसेसचा गट) म्हणजे इंट, ओपन एमपीआयमध्ये पॉइंटर. बायनरीसाठी सगळ्यांचा एकच एबीआय (कंपाइल झालेला प्रोग्रॅम लायब्ररीशी कसा जुळतो त्याचा नियम) २०२५च्या एमपीआय ५.०मध्ये आला, म्हणजे क्लस्टरवरच्या जुन्या मॉड्यूलना त्याचा काही उपयोग नाही. ‘व्हिच एमपीआयरन’ आणि प्रोग्रॅमवर ‘एलडीडी’ (प्रोग्रॅम कोणत्या लायब्ररी वापरतो ते दाखवणारी कमांड) चालवून बघा: दोन्हीकडे एकाच इन्स्टॉलेशनचा पाथ दिसला पाहिजे. स्लर्मवर (क्लस्टरवर जॉब वाटणारी प्रणाली) प्रोसेस सुरू करायला एमपीआयरनऐवजी एसरन वापरत असाल, तर ओपन एमपीआय ५ला स्लर्मशी जोडायला फक्त पीएमआयएक्स चालतं; ते उपलब्ध आहे का हे ‘एसरन --एमपीआय=लिस्ट’ सांगतं.

दुसरी चूक थ्रेडची, आणि ही सगळ्यात महाग. ४८ कोअरच्या नोडवर ४८ रँक टाकल्या, थ्रेडची संख्या ठरवणारं ओएमपी_नम_थ्रेड्स दिलंच नाही. प्रोसेस कोअरला बांधलेल्या नसतील तर बहुतेक रनटाइम दिसतील तितक्या कोअरएवढे थ्रेड काढतात: ४८ गुणिले ४८, म्हणजे २३०४. टॉपमध्ये सीपीयू शंभर टक्के, काम मात्र रखडलेलं. रँक गुणिले थ्रेड हा गुणाकार कोअरएवढाच ठेवा, उदाहरणार्थ ८ गुणिले ६. उलटंही होतं: ओपन एमपीआय दोन किंवा कमी प्रोसेस असल्या की प्रत्येकीला एकाच कोअरला बांधतं, मग सहाही थ्रेड त्या एका कोअरवर रांग लावतात. ‘--मॅप-बाय स्लॉट:पीई=६’ द्या आणि ‘--रिपोर्ट-बाइंडिंग्ज’ने खात्री करा. स्लर्म २२.०५मध्ये एसबॅचला (जॉब टाकणारी कमांड) दिलेलं सीपीयूज-पर-टास्क एसरनने आपोआप उचलणं बंद झालं, म्हणून ते एसरनलाही वेगळं द्या.

हायब्रिड कोडमध्ये, म्हणजे एमपीआय आणि ओपनएमपी दोन्ही असलेल्या, नुसतं एमपीआय_इनिट पुरत नाही. एमपीआय_इनिट_थ्रेड वापरा आणि ‘प्रोव्हायडेड’मध्ये काय परत आलं ते तपासा, मागितलं मल्टिपल (कोणत्याही थ्रेडमधून एमपीआय बोलावता येतं) आणि मिळालं फनेल्ड (फक्त मुख्य थ्रेडमधून), असं होऊ शकतं. तरीही अनेक थ्रेडमधून एमपीआय बोलावलंत, तर छोट्या टेस्टमध्ये निभावून जाईल आणि मोठ्या रनमध्ये जॉब लटकेल.

पायथॉनमध्ये ‘ओएमपी एरर १५’ आली, तर एकाच प्रोसेसमध्ये ओपनएमपी रनटाइमच्या दोन प्रती शिरल्यात, बहुधा एक कॉंडातून आणि एक पिपमधून (ही दोन्ही पॅकेज बसवणारी साधनं). केएमपी_डुप्लिकेट_लिब_ओके=ट्रू लिहिल्याने एरर गप्प होते, हे खरं. पण त्याच एररच्या मजकुरात लिहिलेलं असतं की असं केल्यास प्रोग्रॅम कोसळू शकतो किंवा गुपचूप चुकीची उत्तरं देऊ शकतो. नवं एन्व्हायर्नमेंट करून सगळी पॅकेजेस एकाच चॅनेलमधून घ्या.