लगूनमध्ये डायव्हिंग: चार मीटरवर तरंगायचं कसं

मालवणात किल्ल्यापाशी बुडी मारून आलेला पावणा लक्षद्वीपच्या कडमत बेटावर पोचला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती खोल नेणार?" लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआडच्या उथळ पाण्यात, चार-पाच मीटर म्हटलं की तोंड पडतं. अहो, तिकडे तुमचा सिलिंडर मागून गाईडने धरलेला होता. इथे डायव्हिंगचं सर्टिफिकेट दाखवलंत तर तुमचं तुम्हीच सांभाळायचं, आणि उथळ पाणी हेच सांभाळायला सगळ्यात वाईट. वीस मीटरवरून दहावर येताना हवा दीडपट फुगते. दहावरून पृष्ठभागावर येताना दुप्पट. म्हणून चार मीटरवर जरा वर सरकलात की अंगातल्या तरंगायच्या जॅकेटमधली हवा फुगून तुम्हाला आणखी वर ओढते. घाबरून ती सोडून दिलीत की थेट प्रवाळावर बसता.

यावर इलाज एकच, बुडायला कमरेला बांधतात ती वजनं नेमकी लावणं. मागच्या वेळी किती किलो होती ते विसरा. सिलिंडरमध्ये ५० बार (हवेचा दाब) उरलेले असताना पृष्ठभागावरच जॅकेट पूर्ण रिकामं करा, नेहमीसारखा श्वास आत घेऊन क्षणभर थांबा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर हळूच बुडायला पाहिजे. भरलेल्या सिलिंडरवर तपासत असाल तर दोनेक किलो जास्त धरा, कारण १२ लिटरच्या सिलिंडरमधली हवा वापरली की तो तेवढा हलका होतो. सुरुवातीला झकास तरंगणारे शेवटच्या दहा मिनिटांत फुग्यासारखे वर का जातात, त्याचं कारण हेच.

एकदा वजन जमलं की जॅकेटमध्ये हवा भरायच्या बटणाला हात लावू नका. वर-खाली फुप्फुसांनीच व्हायचं: श्वास घेतला की किंचित वर, सोडला की खाली, तोही लगेच नाही, दोन-तीन सेकंदांनी. ही उशिराची सवय पहिल्यांदा वाळूवर करून घ्या. वाळूत उतरण्याआधी मात्र नीट बघा. काटेरी शेपटीची पाकट पुरून बसलेली असते, दिसतात ते फक्त दोन डोळे. पाण्याखाली श्वास मात्र कधीही कोंडून ठेवायचा नाही. भरल्या छातीने दीड मीटर वर आलात तरी फुप्फुस फाटू शकतं.

खाली जाताना कान दुखायच्या आधीच नाक दाबून नाकातून हळूच फुंका, पहिल्या तीन मीटरात तर दर अर्ध्या मीटरला. सर्दी असेल तर बोटीवरच बसा.

पाय गुडघ्यात वाकवून बेडूक-किक मारा. सरळ फटके मारलेत की वाळू उडून प्रवाळावर बसते आणि मागच्याला काही दिसत नाही. लगूनमधला शिंगाळा प्रवाळ टोकाशी फिकट, वाढता असतो आणि फिनच्या (पायातल्या रबरी पंखाच्या) एका धक्क्याने तुटतो. १९९८, २०१० आणि २०१६च्या उष्ण पाण्याने लक्षद्वीपचा प्रवाळ आधीच पांढरा पडून मेला होता; जे उभं आहे ते मोठ्या कष्टाने आलेलं. जायंट क्लॅम, म्हणजे मोठा शिंपला, दिसला तर त्याच्यावर सावली पाडू नका. निळे-हिरवे ओठ झटकन मिटतात. ट्रिगरफिश अंगावर आला तर वर पळू नका. घरट्यावरची त्याची हद्द वरवर रुंद होत जाते, म्हणून आडवे निघा.

वेळ भरतीची निवडा. ओहोटीला लगूनचं पाणी रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीच्या, खाचेतून बाहेर धावतं आणि तिथे फिन मारून उपयोग नसतो. इंजिनाचा आवाज आला तर वर येऊ नका, बोट पुढे जाऊ दे.

मेलेला प्रवाळ म्हणून किनाऱ्यावरचा तुकडाही बॅगेत टाकू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली तोही गुन्हा आहे. अगत्तीहून विमान असेल तर शेवटची बुडी आणि उड्डाण यांत १८ तास ठेवा. कोचीच्या जहाजाने जाणार असाल तर निघायच्या दिवशी सकाळीही उतरता येईल.